खुरपं लोहाराच्याच पोरानं करायचं, हे कुणी ठरवलं?

तुळजापूर तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीतल्या पोरानं खुरपं घडवलं. बाजारातून आणून मूठ बसवलेलं नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून, पाणी पाजून, धार काढून पूर्ण केलेलं. भट्टीवर त्याच्या हातून तडीस गेलेली ही पहिलीच वस्तू. पातं जरासं एका अंगाला झुकलंय, मुठीजवळ हातोड्याचे वळ दिसतात. पण सोयाबीनच्या तासात ते चालतं. त्याच्या आईनं ते दोन दिवस खुरपणीला नेलं आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीनं 'मलाही एक करून दे' म्हणून सांगितलं.

बातमी एवढीच. पण या वीतभर लोखंडावर लोक जे बोलले, त्यावरून जातिअंताच्या वाटेवर आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळतं.

गावातला एक जण म्हणाला, "तुमच्यात कधी कुणी भट्टी लावली होती का?" चळवळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "बी.ए. करून ऐरणीवरच बसायचं होतं तर शिकलास कशाला? बाबासाहेबांनी ज्या बलुत्यातून आपल्याला बाहेर काढलं, त्यातच परत?" आणि सरकारी योजनेचा अर्ज भरायला पोरगा एका सेवा केंद्रावर गेला, तर तिथला माणूस म्हणाला, "पिढीजात धंदा लोहारकाम आहे का? नाही ना? मग हे तुमच्यासाठी नाही."

तिघांचे हेतू वेगळे. पहिल्याच्या बोलण्यात तुच्छता आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात काळजी आहे, तिसरा बिचारा नियम सांगतोय. पण तिघांच्या डोक्यात बसलेली गोष्ट एकच: धंदा जन्माला चिकटलेला असतो. मित्रांनो, ही गोष्ट जोवर आपल्याही डोक्यातून जात नाही, तोवर आपण जात सोडली असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

परत जाणं नव्हे, पहिल्यांदा आत जाणं

आधी आपल्याच ज्येष्ठांना उत्तर देऊ. त्यांची भीती खोटी नाही. मेलेलं ढोर ओढणं, गावकी, येसकरकी, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं हे सगळं आपल्या आजोबा-पणजोबांनी झुगारलं, त्यासाठी बहिष्कार सोसले. तो इतिहास माहीत असलेल्या माणसाला ऐरणीचा आवाज ऐकून धस्स होणं स्वाभाविक आहे.

पण नीट बघा. झुगारलं ते काय होतं? नकार देण्याची सोय नसलेलं काम. लोहारकाम आपल्यावर कधीच लादलेलं नव्हतं. ते आपल्याला बंद होतं. ज्या दारातून आपल्याला कधी आत घेतलंच नाही, त्या दारातून पोरगा आत गेला तर त्याला 'परत गेला' कसं म्हणायचं?

बाबासाहेबांनी हे दार नुसतं दाखवलं नाही, त्यावर धडका दिल्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि विटाळाची भीती सवर्ण कामगारालाच होती. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपण सगळे जाणतो. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण वाचत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वर्कशॉपमध्ये तो हमाल असतो, मेकॅनिक म्हणून त्याला क्वचितच घेतात, ही तक्रार त्यांनी तिथे केली. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात तर त्यांनी उच्च शिक्षणाच्या मागणीबरोबरच तांत्रिक शिक्षणाची मागणी केली आणि सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घ्या असं सांगितलं.

म्हणजे 'शिका' या शब्दात बाबासाहेबांनी कानस, हातोडा आणि लेथ कधीच वगळले नव्हते. वगळले आपण. पुस्तकाचं शिक्षण तेवढं शिक्षण आणि हाताचं काम हलकं, ही समजूत ज्या व्यवस्थेनं रुजवली तिचं नाव सांगायला नको. त्या व्यवस्थेचा देव आपण सोडला. तिची ही समजूत मात्र अजून घरात आहे.

'जातिप्रथेचे विध्वंसन' १९३६ चं. त्यात बाबासाहेबांचा एक युक्तिवाद आजच्या बेकार पोरांनी मुद्दाम वाचावा असा आहे. माणसाला आपला ठरलेला धंदा बदलू न देणं हेच या देशातल्या बेकारीचं एक थेट कारण आहे, असं ते दाखवतात. नव्वद वर्षं होत आली. एका बी.ए. झालेल्या पोराला खुरपं करताना बघून आपण अजून चमकतो.

'रक्तात असतं' ही थाप

आता गावातल्या पहिल्या माणसाकडे वळू. त्याचं म्हणणं असं, की लोहारकाम लोहाराच्या रक्तात असतं, दुसऱ्याला जमत नाही.

पोराला जमायला काय लागलं ते सांगतो. नळदुर्ग रस्त्याला पाल टाकून राहणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडे तो तीन महिने संध्याकाळी जात होता. पहिले कित्येक दिवस फक्त भाता आणि कोळसा. मग पहिलं पातं. लोखंडाचा लाल रंग उतरून ते काळं पडत आलं तरी हा ठोकतच राहिला, पात्याला चीर गेली. दुसऱ्या वेळी भीतीनं जास्त तापवलं, भट्टीतच ठिणग्या उडायला लागल्या आणि धारेची कड जळून गेली. तिसरं आकाराला चांगलं आलं, पण लाल असतानाच थेट गार पाण्यात घातलं आणि तसंच मुठीत बसवलं. दगडावर आपटताच काचेसारखं तुटलं. तेव्हा त्याला कळलं की पाणी पाजल्यावर पोलाद कडक होतं तसं ठिसूळही होतं, त्याला पुन्हा मंद आचेवर धरून पातं गव्हाळ पिवळं दिसेपर्यंत शेकावं लागतं. चौथं खुरपं उभं राहिलं.

यात रक्त कुठे आलं? रंग ओळखणारा डोळा आला, वेळ आला, कोळसा आला, वाया गेलेली तीन पाती आली. घिसाड्याच्या घरातलं लेकरूही हेच करतं. फरक इतकाच, की ते सहाव्या-सातव्या वर्षी भात्यापाशी बसतं आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याची शंभर पाती वाया गेलेली असतात. त्याला कुणी 'नापास' म्हणत नाही, कारण घर आपलं, भट्टी आपली, भंगार आपलं.

समाजशास्त्राच्या वर्गात बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल शिकवतात. मला ते सगळ्यात नीट या भट्टीवर कळलं. शिकण्याचा खरा खर्च म्हणजे बिघडवण्याचा खर्च. पहिली पूर्ण वस्तू सगळ्यांना दिसते, तिच्याआधीच्या बिघडलेल्या वस्तू कुणी मोजत नाही. आणि ज्याला बिघडवायची सोय आहे तोच शिकतो. वकिलाच्या पोराला पहिल्या पाच केसेस हरता येतात, कारण ऑफिस बापाचं असतं. डॉक्टरांच्या पोराला दोनदा प्रवेश परीक्षा देता येते. दुकानदाराच्या पोराला एक हंगाम तोट्यात घालवता येतो. जात म्हणजे दुसरं काय? आपापल्या पोरांना चुका करायला राखून ठेवलेली जागा. आपल्या पोराला कुठेच अशी जागा नाही. त्याला पहिल्याच फटक्याला जमलं पाहिजे. नाही जमलं तर 'यांना जमतच नाही' हा निकाल आधीच लिहून तयार असतो.

विश्वकर्मा योजना आणि वंशाची अट

आता सेवा केंद्रावरच्या माणसाचा नियम. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. आपल्या मराठवाड्यासाठी ही तारीख निजामी राजवटीतून मुक्त होण्याची. त्याच दिवशी दिल्लीहून आलेली ही योजना १३ हजार कोटींची आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी असे १८ धंदे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख व नंतर दोन लाखांचं कर्ज.

कारागिराला पैसे मिळावेत, याला आपला विरोध असायचं कारण नाही. पालावरच्या लोहाराला १५ हजारांची अवजारं मिळाली तर ती हवीतच. प्रश्न योजनेच्या मनातल्या माणसाचा आहे. पात्रता कुणाला? 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसायात' असलेल्याला. उद्देश काय सांगितला? गुरु-शिष्य परंपरा आणि घराण्यात चालत आलेलं कौशल्य बळकट करणं.

सरकार म्हणतं, आम्ही जातीचा दाखला मागत नाही, कोणत्याही जातीचा माणूस अर्ज करू शकतो. कागदावर बरोबर. पण गावात 'कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय' या शब्दांचा जातीशिवाय दुसरा अर्थ तरी काय होतो? शिवाय अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर. म्हणजे कोण लोहार आणि कोण नाही, हे गावच ठरवणार. हेच तर गाव दोन हजार वर्षं ठरवत आलंय! आणि जो आज शिकू पाहतोय, ज्याच्या घरात आधी कुणी हातोडा धरला नाही, त्याला या योजनेत जागाच नाही. नवशिका हा शब्दच तिला माहीत नाही. वारस तेवढा माहीत आहे.

ही कल्पना नवी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळा अर्धा वेळ केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा असं ठरवलं. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीनं तिला कुलशिक्षण म्हणून उघडं पाडलं. १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, कामराज आले आणि योजना गेली. म्हणूनच २०२४ मध्ये तामिळनाडूनं विश्वकर्मा योजना आहे तशी राबवायला नकार दिला. त्यांनी मागितलेल्या बदलांत घराण्याची अट काढा, ही मागणी होती. किमान वय ३५ करा, हीसुद्धा होती, म्हणजे तरुण पोरं कॉलेज सोडून बापाच्या धंद्यात ढकलली जाणार नाहीत. त्यांची काळजी योग्य आहे. पण ३५ ची अट आमच्या या पोरालाही बाहेरच ठेवते. वय वाढवून प्रश्न सुटत नाही. वंश काढून टाकला पाहिजे.

घण कुणी मारला?

या सगळ्यात एक माणूस आपण विसरतो: ज्यानं शिकवलं तो. घिसाडी उस्ताद पोराला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "माझं पोरगं हे करणार नाही. त्याला मी शाळेत घातलंय. तू कशाला करतोस?" या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर नाही आणि ते चटकन देऊही नये.

घिसाडी ही महाराष्ट्रातली भटकी जमात. भटक्या जमाती 'ब' मध्ये येते, या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. ज्याचा आजा बैलगाडीवर भट्टी घेऊन गावोगाव फिरला, त्यानं कोणत्या गावचा सातबारा दाखवायचा? पंचमीला, पोळ्याला, सुगीच्या तोंडावर गावाला त्याची आठवण होते. अवजारं शेवटून झाली की तोच माणूस चोरीच्या संशयात पहिला. त्यात फाळ गेले, ट्रॅक्टर आला, कारखान्यातलं तयार खुरपं दुकानात लटकतंय. त्यानं पोराला शाळेत घातलं यात नवल काय?

म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या पोराला ऐरणीपर्यंत जाण्याचा हक्क आणि घिसाड्याच्या पोराला ऐरणीपासून दूर जाण्याचा हक्क, या दोन मागण्या नाहीत. ती एकच मागणी आहे. एकाच्या पायातली बेडी आणि दुसऱ्याच्या तोंडावरचं कुलूप एकाच व्यवस्थेनं केलंय. जो फक्त आपल्या पोरासाठी दार उघडायला सांगतो आणि घिसाड्याच्या पोराला 'तू तुझी कला जप' म्हणतो, तो जातिअंतवाला नव्हे.

आणि घण? तो उस्तादाची बायको मारत होती. पालावर बहुतेक ठिकाणी हेच दृश्य असतं. नवरा सांडशीत लोखंड धरून बसतो, फिरवतो, छोट्या हातोड्यानं कुठे मारायचं ते दाखवतो. उभं राहून पाच-सात किलोचा घण बाई घालते. तरी लोहार कोण? नवरा. विश्वकर्मा योजनेत एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची नोंदणी होते. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. मग नाव कुणाचं लागणार ते सांगायला ज्योतिषी नको. ती बाई हसत म्हणाली, "घण माझा, नाव ह्यांचं." या वाक्यावर सरकारी अहवाल लिहिता येईल, पण तिचं नाव कोणी लिहिणार नाही.

खुरपं शेवटी जातं कुणाच्या हातात? आपल्याच आया-बहिणींच्या. घडवणारा भटका, चालवणारी दलित मजूर बाई, रान तिसऱ्याचं. एका खुरप्यात अख्खा गावगाडा बसलाय.

हात की पुस्तक?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांत हा वाद शंभर वर्षांपूर्वी झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीला हातकामाचं शिक्षण दिलं, डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली, की उच्च शिक्षण आणि राजकीय हक्क सोडून नुसतं हातकाम म्हणजे शरणागती. आपण द्यु बॉइसच्या बाजूचे असलो पाहिजे. हक्क सोडून कौशल्य नको. पण हक्क हातात असताना कौशल्य नाकारणं हे शहाणपण नाही.

चार्ल्सटन शहरात फिलिप सिमन्स नावाचा काळा लोहार होऊन गेला, १९१२ ते २००९. त्याच्या हातची लोखंडी फाटकं आणि कठडे आज त्या शहराची शान मानले जातात. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याला शिकवलं पीटर सिमन्स या म्हाताऱ्या लोहारानं, जो गुलामीत जन्मला होता. आडनाव एकच, पण दोघांत रक्ताचं नातं काही नव्हतं. 'घराण्याची परंपरा' लागली नाही. शिकवायला तयार असलेला एक माणूस आणि भट्टीपाशी उभं राहू दिलेलं एक पोरगं, एवढंच लागलं.

तलवार नको, खुरपं

आपण तुळजापुरात राहतो. इथे नवरात्रात भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवीनं शिवरायांना तलवार दिली, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण शिवरायांच्या मावळ्यांच्या हातातल्या हजारो तलवारी, भाल्यांची पाती, घोड्यांचे नाल कुठल्या देवीनं दिले नव्हते. ते भट्टीवर झाले. खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू लागतं, हत्यार करणाऱ्याचं पाल मात्र गावाबाहेर. वस्तूची पूजा आणि माणसाचा विटाळ, ही या संस्कृतीची जुनी खोड.

आपला मार्ग वेगळा आहे. सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार वर्ज्य आहे. वाढदिवसाला तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्या आपल्याही पोरांनी हे ध्यानात घ्यावं. ज्यानं खुरपं केलं तो त्यांच्यापेक्षा धम्माच्या जास्त जवळ आहे. आणि तथागतांचं शेवटचं भोजन कुणाच्या घरी झालं? पावा नगरीतल्या चुंदाच्या. त्याला पाली ग्रंथ कम्मारपुत्त म्हणतात, म्हणजे धातू घडवणाऱ्याचा मुलगा. त्या भोजनानंतर भगवंतांना दुखणं जडलं. तेव्हा चुंदाला कुणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम निरोप सांगितला, की संबोधीपूर्वीच्या भोजनाइतकंच हे भोजन पुण्याचं आहे. लोहाराच्या पोराला अपराधाच्या ओझ्याखाली सोडून जायचं नाही, ही शेवटच्या दिवसातलीही त्यांची काळजी होती.

मग आपण काय करायचं? नुसता लेख वाचून 'जय भीम दादा, छान' म्हणू नका. मागण्या अशा आहेत:

एक, योजनेतून 'कुटुंबाधारित पारंपरिक' ही अट काढा आणि नवशिक्यांसाठी वेगळी तरतूद करा. सात दिवसांत कुणी लोहार होत नाही. किमान सहा महिने विद्यावेतन द्या, आणि त्यात वाया जाणाऱ्या कोळशाचा व लोखंडाचा खर्च धरा.

दोन, पालावरच्या कारागिरांना मानधन देऊन आयटीआयमध्ये शिकवायला बोलवा. त्यांच्या हाताला प्रमाणपत्र द्या. घण मारणाऱ्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं करा.

तीन, घिसाडी पोरांना दाखला, घरासाठी जागा आणि वसतिगृह द्या. १९६१ च्या पुराव्याची अट भटक्यांसाठी शिथिल करा. या मागणीच्या मोर्चात आपला निळा झेंडा पुढे असला पाहिजे, कारण ती आपली मागणी आहे.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. आपल्या प्रत्येक विहारात वाचनालय असावं म्हणून आपण धडपडतो, ते बरोबरच आहे. त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ऐरण, एक भट्टी, एक वेल्डिंग मशीन का नसावं? तिथे महार, मांग, घिसाडी, मराठा, मुसलमान, पोरगा, पोरगी कुणीही यावं आणि बिनधास्त बिघडवावं. जातीनं काहींसाठीच राखून ठेवलेली चुका करायची जागा आपण सगळ्यांसाठी उघडूया. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला वर्गणी देतो तशी या शेडलाही देऊया.

जय भीम. नमो बुद्धाय.